आरोपी क्रमांक एक

आपल्यावर गुन्हा नोंदवायला आलेल्या माणसाला चहा पाजून ‘माहं नाव नीट लिवा’ असं बजावणारा एकच माणूस मी पाहिला. किसन लक्ष्मण. या नावानं त्याला फक्त नोटिसा यायच्या. वस्तीतली माणसं त्याला आरोपीमामा म्हणायची, प्रेमानं. गावातली माणसं ‘आरोपी’ म्हणायची, हिणवायला. मामा दोन्ही हाकांना सारखीच ओ द्यायचा.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या हद्दीवर त्याचं गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात. गावाच्या बाहेर गायरान, म्हणजे गुरं चारायला राखलेली सरकारी जमीन. नावालाच गायरान, होता सगळा मुरूम आणि दगड. त्यावर आमच्या समाजातल्या भूमिहीन माणसांनी दोन पिढ्यांपूर्वी कुदळ मारली आणि चाळीस घरांची वस्ती झाली. घरांच्या जागा पुढं कधीतरी रीतसर झाल्या. रानाचं भांडण मात्र मिटलं नाही. दर एक-दोन वर्षांनी तलाठी आणि कोतवाल, सोबत कधी दोन पोलीस, असे अतिक्रमणाचा पंचनामा करायला यायचे. बाकीचे तुरीत दडून बसायचे. मामा लिंबाखाली बाज टाकायचा, सोजरमामीला चहा ठेवायला सांगायचा आणि तलाठ्याच्या शेजारी उकिडवा बसून लिहिणाऱ्या हाताकडं बघत राहायचा.

“किसन लक्ष्मण, साहेब. लक्ष्मण सोडू नका. आन् पयल्या नंबराला घ्या. मागल्या खेपेला बी पयलाच व्हतो.”

एकदा लातूरकडचा एक नवा तलाठी आला. पोरगेलासा, मनानं चांगला. त्याला म्हाताऱ्याची दया आली. म्हणाला, “मामा, या वयात कशाला तारखांच्या चकरा? तुमचं नाव टाकत नाही मी.” मामाचा चेहराच उतरला. तलाठ्याची मोटारसायकल पुढं आणि मामाची सायकल मागं, अशी ती वरात सज्ज्यापर्यंत, म्हणजे तलाठ्याच्या कचेरीपर्यंत गेली. तिथं मामा दाराशी उभा राहिला. तलाठी जेवला, फोनवर बोलला, बाहेर आला, तरी हा उभाच. “माही काय चूक झाली साहेब? समद्यास्नी आरोपी केलं, मलाच कामून सोडलं?” दिवस कलला तेव्हा तलाठ्यानं हात जोडले आणि नाव घातलं. चाळीसावं. मामा घरी आला तो नाराजच. “खाली लिवलं. पर लिवलं.”

मी तेव्हा नांदेडला कॉलेज सोडून जमीन हक्काच्या संघटनेत नुकती शिरले होते. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. पहिल्यांदा वस्तीवर गेले ती दोनशे पत्रकं पिशवीत घालून. मामानं एक घेतलं, डोळ्यांपासून हातभर लांब धरून शेवटपर्यंत वाचलं. चौथी शिकलेला माणूस, पण छापलेलं अर्ध्यावर टाकायचा नाही. मग मला म्हणाला, “पोरी, लई चिडून लिवलंयस.”

“चिडायला नको का?”

“चिड की. पर ह्याच्यात गट नंबर कुठंय? तहसीलदाराला आपला राग वाचता येत न्हाई. त्याला गट नंबर वाचता येतो.”

तेव्हापासून मी त्याच्यासाठी ‘पत्रकवाली’ झाले आणि माझ्या प्रत्येक पत्रकावर गट नंबर आला. त्याचं हे वेड कुठून आलं ते मला बरंच नंतर, बांधावरून चालता चालता, तुकड्यातुकड्यांनी कळलं.

मामाचा बाप लक्ष्मण गोदावरीकाठच्या एका गावात सालगडी होता. मालकाच्या मळ्याच्या कडेला त्याची झोपडी. नदीवर धरण झालं, गाव पाण्याखाली जाणार असं ठरलं आणि मोजणीवाले वही घेऊन आले. मामा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेल. त्यानं ते सगळं बघितलेलं होतं. वहीवाल्यानं बापाला घराचा नंबर विचारला. बाप म्हणाला, “नंबर न्हाई साहेब, घर हाय.” जागेचा उतारा विचारला. उतारा मालकाच्या नावाचा. वहीवाला पुढं गेला. त्यानं मालकाची विहीर लिहिली, गोठा लिहिला, बांधावरची झाडं मोजून लिहिली.

“नऊ आंबे लिवले,” मामा सांगायचा. “आम्ही घरात सात माणसं व्हतो. येक बी लिवला न्हाई.”

पाणी आलं तेव्हा ज्यांची नावं वहीत होती त्यांना नवीन गावठाणात जागा मिळाल्या. मामाच्या आईनं जातं डोक्यावर घेतलं, बापानं दोन शेळ्या आणि कुदळ घेतली आणि माणसं चालत निघाली. आईचं माहेर या गावातलं, म्हणून इथं आली. माहेरात तरी कुठं जमीन होती? मग हे गायरान. बापानं वर्षभर दगड वेचले. वेचलेल्या दगडांचा बांध झाला आणि बांधाच्या आत तीन एकर काळसर माती निघाली. पहिल्या ज्वारीला कणसं धरली तशी गावातून तक्रार गेली आणि पहिली नोटीस आली.

बापाला अक्षर येत नव्हतं. तो नोटीस घेऊन शाळेत गेला. मास्तरांनी वाचली आणि हळहळून म्हणाले, “लक्ष्मण, सरकारनं तुला चोर ठरवलंय रे.”

“कोनत्या जिमिनीचा चोर, गुर्जी?”

मास्तरांनी गट नंबर वाचून दाखवला, क्षेत्र सांगितलं.

“आन् नाव लिवलंय माहं?”

“लिहिलंय. बापाच्या नावासकट.”

त्या दिवशी लक्ष्मणानं शाळेतल्या पोरांना गूळ वाटला. मामाला बापाकडून मिळालेलं एकच वाक्य वारशासारखं पाठ होतं: “चोर म्हणून लिवलं तरी चालंल. न लिवलेलं मानूस पान्यात जातंय.”

हसू येतं ना? मलाही आलं होतं. मग आमच्या वकिलांनी सरकारी निर्णय समजावून सांगितला. ठरावीक तारखेच्या आधीपासून जे भूमिहीन गायरान कसत आहेत त्यांच्या नावे ती जमीन करता येते. पण आधीपासून कसतोय याचा पुरावा पाहिजे. आणि ज्याला सरकारनं कधी काही दिलंच नाही त्याच्याकडं पुरावा कुठला असणार? नोटिसा. पंचनामे. कोर्टाची समन्सं. जे कागद बाकीच्यांनी भीतीपोटी चुलीत घातले ते मामाच्या घरात खताच्या पिशवीत, वर्षवार, आढ्याला टांगलेले होते. अशिक्षित लक्ष्मणाला जे एका दुपारी कळलं ते आमच्या चळवळीला कळायला तीस वर्षं लागली. आम्ही तोवर घोषणा देत होतो.

मामा जमिनीला कधी ‘माझं रान’ म्हणाला नाही. ‘गट नंबर’ म्हणायचा. “गट नंबरात तूर बरी हाय अवंदा.” “गट नंबरात पानी साचलंय.” मामी मात्र ‘माहं रान’च म्हणायची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं तिथं खुरपं धरलं होतं. मामा तारखांना तालुक्याला जायचा, पंचनाम्याला बसायचा, अर्ज द्यायचा. पेरणी, खुरपणी, राखण हे सगळं मामीचं. मामा खताची पिशवी सांभाळायचा आणि मामी माती. हे मला तेव्हा दिसत होतं, पण त्याचा अर्थ लावायचं डोकं मला नव्हतं.

एका श्रावणात गावातल्या टग्यांनी अख्खी खिल्लारं उभ्या पिकात घातली. चाळीस घरांचं सोयाबीन सकाळच्या दोन तासांत गेलं. मी पत्रक लिहायला बसले. मामा पोलीस ठाण्यात गेला, मी मागोमाग. तिथल्या हवालदारानं विचारलं, “पीक कुणाच्या जमिनीतलं?”

“सरकारच्या.”

“म्हणजे अतिक्रमण कबूल करतोस?”

“करूनच राहिलो ना साहेब. चाळीस वर्सं झाली. तुमी लिवून घ्यायला दम खायलाव.”

हवालदारही हसला. गुरं घालणाऱ्यांचं काही झालं नाही, हे सांगायला नको. मामाला तक्रारीची पोच मिळाली आणि ती पिशवीत गेली.

आता त्या गोष्टीकडं येते जिच्यासाठी हे लिहायला बसले.

गावचं सरपंचपद आमच्या वर्गासाठी राखीव निघालं. गावच्या मोठ्या घरांनी लगेच आपला एक सालगडी उभा करायचं ठरवलं. नाव त्याचं, शिक्का त्यांच्या खिशात. राखीव जागांवर किती गावांत असा कारभार चालतो ते मोजायला कुणी बसत नाही. आम्हाला सरपंच हवा होता, कारण गायरान नावे करायचं तर ग्रामसभेचा ठराव लागतो आणि आजवर प्रत्येक सरपंचानं तो विषयच पटलावर येऊ दिला नव्हता. विहारात बैठक झाली. सगळ्यांच्या तोंडी मामाचं नाव. मामा नको म्हणाला.

“मी आरोपी मानूस. मला खुर्ची जमायची न्हाई.”

मी उठून बोलले. खूप बोलले. इतिहास काढला, बापाचं नाव काढलं. म्हटलं, “तुम्ही मागं सरलात तर तो सालगडी येईल, आणि तुमच्या बापासारखीच ही चाळीस घरं पुन्हा वहीबाहेर राहतील.” बैठकीत टाळ्या पडल्या. मामा खाली बघत बसला. टाळ्या थांबल्यावर म्हणाला, “बरं.”

अर्ज भरायला आम्ही तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. मी, मामा आणि संघटनेचे वकील. फॉर्मबरोबर एक घोषणापत्र होतं. मामा आपल्या सवयीनं शेवटपर्यंत वाचत गेला आणि एका ओळीवर थांबला. ‘मी अथवा माझ्या कुटुंबातील व्यक्तीने शासकीय जमिनीवर अतिक्रमण केलेले नाही.’ असं लिहून दिल्याशिवाय निवडणूक लढवता येत नाही. कायदा तसा आहे. मोठ्यांची नावं सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना या ओळीवर थांबावं लागत नाही.

“वकीलसाहेब, हे खोटं हाय,” मामा म्हणाला.

वकिलांनी समजावलं. एक तुमचं रान सोडलंय असं लिहून द्या. तुम्ही सरपंच व्हाल, ठराव होईल, एकोणचाळीस घरांची जमीन नावे लागेल. तुमचं नंतर बघू.

मामानं माझ्याकडं बघितलं. “पत्रकवाली, काय करू?”

मला आजही त्या सेंटरवरचा पंखा ऐकू येतो. बाहेर रांग होती, अर्जाचा शेवटचा दिवस होता. मी म्हटलं, “करा सही, मामा. एका घरापेक्षा एकोणचाळीस घरं मोठी.” असलं वाक्य पत्रकात फार चांगलं दिसतं.

त्यानं सही केली. किसन लक्ष्मण. जन्मभर ज्या गोष्टीसाठी तो सायकल मारत फिरला, त्याच्या नेमकं उलट, स्वतःच्या हातानं. घरी मामीला विचारून येतो, असं तो म्हणाला नाही आणि तिला विचारलंत का, असं मी त्याला म्हटलं नाही.

छाननीच्या दिवशी समोरच्यांनी हरकत घेतली. त्यांच्या हातात पंचनाम्याच्या नकला होत्या आणि एक सोडून प्रत्येकीत आरोपी क्रमांक एक. अधिकाऱ्यांनी विचारलं, “हे तुम्हीच ना?” मामा म्हणाला, “मीच. पर जिमीन सोडली म्या.” “मग आता कोण कसतं?” “कुनीच न्हाई. पडीक हाय.” त्याचा तसा जबाब झाला, खाली सही झाली, हरकत फेटाळली गेली. आम्ही बाहेर गुलाल आणायला माणूस पाठवला.

तो निवडून आला. आणि पडीक आहे असं सांगितलं, म्हणून ते रान पडीक ठेवावं लागलं.

सरपंच म्हणून तो कसा होता? खुर्चीच्या कडेवर बसायचा, एसटीत तिकडे सरका म्हटल्यावर बसतात तसा. ‘सरपंच साहेब’ अशी हाक आली तर वळायचा नाही. ‘आरोपी’ म्हटलं की लगेच बघायचा. ग्रामसेवक एकदा अतिक्रमणाच्या नोटिसा तयार करून घेऊन आला, वस्तीच्या एकोणचाळीस घरांच्या नावानं. गावातली मंडळी मुद्दाम ओट्यावर येऊन बसली होती, आता हा काय करतो ते बघायला. मामानं एकेक नोटीस वाचून सगळ्यांवर सह्या केल्या आणि स्वतः घरोघर नेऊन दिल्या. सखूआजी म्हणून एक म्हातारी होती, ती भर रस्त्यात कडाडली.

“अरं, सरपंच झालास आन् पयली नोटीस आमालाच आनलीस व्हय रं भाड्या?”

“आजे, चुलीत घालू नको. डब्यात ठेव,” मामा हसत म्हणाला. “लग्नातल्या लुगड्यावानी जप.”

सलग ताब्याचा पुरावा म्हणून पुढं त्या सगळ्या नोटिसा कामी आल्या. ओट्यावरच्या मंडळींना ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. ग्रामसभेत ठराव मांडला त्या दिवशी खुर्च्या फेकल्या गेल्या, एक मामाच्या खांद्याला लागली. तो खांदा धरून उभा राहिला आणि म्हणाला, “हात वर करा. मोजायचंय.” ठराव झाला. वस्तीवर रात्रभर हलगी वाजली.

आणि त्या सगळ्या काळात त्याच्या तीन एकरांत गाजरगवत माजत होतं. समोरच्यांनी माणूसच ठेवला होता, मोबाइल घेऊन. कुणी त्या रानात पाय ठेवला की फोटो काढायचा. एकदा मामी तिथं तरोट्याची भाजी खुडायला गेली. भाजीच, जी कुणी पेरत नाही. फोटो निघाला, जिल्ह्याला तक्रार गेली. मामा खुलासा देऊन संध्याकाळी परत आला तेव्हा मी वस्तीवरच होते. तो दारातच म्हणाला, “तिकडं पाय ठेवू नको म्हनलं व्हतं ना तुला?”

मामी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “माह्या रानात मी चोर व्हते तवा बरं व्हतं,” म्हणाली. मग पुढचा गोळा हातात घेतला.

जमीन नावे लागणाऱ्यांची यादी आली ती मंडळ अधिकाऱ्यांनी विहारात वाचली. एकोणचाळीस नावं. मी कार्यालयात धावत गेले, भांडले. तिथल्या कारकुनानं शांतपणे फाइल उघडून मामाचा जबाब माझ्यापुढं धरला. ‘सदर जमीन मी सोडली असून ती पडीक आहे.’ कारकून म्हणाला, “ताई, यात आम्ही काय करणार? यांनीच लिहून दिलंय.” वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, अपिलाचं बघू. आमच्या चळवळीत ‘बघू’ या शब्दाखाली किती माणसं गाडली गेलीत, याचं पत्रक कधी निघालं नाही.

मामा माझ्यामागं उभा होता. त्यानं कारकुनाला एवढंच विचारलं, “बाकी समदे हायेत का? सखूआजी हाय?”

“आहेत.”

“मग झालं.”

पण बाहेर आल्यावर तो गाडीत चढेना. स्टँडवरच्या बाकावर बसला. दोन गाड्या गेल्या. तिसरी लागली तेव्हा म्हणाला, “तिला कसं सांगू गं?” तोवर त्यानं तिला सहीचं सांगितलेलंच नव्हतं. सरपंचकीपुरतं रान बंद आहे, मग परत आपलंच, एवढंच ती धरून चालली होती.

त्यानं सांगितलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मामी धर्माबादला लेकीकडं निघून गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. कपड्यांची पिशवी तेवढी घेतली. पुढं काही महिन्यांत मोकळी सरकारी जागा म्हणून ते तीन एकर सोलरला गेलं. मशीननं बांध मोडला. लक्ष्मणानं वर्षभर वेचलेले दगड ट्रॅक्टरनं नेऊन रस्त्याच्या खड्ड्यात टाकले. भोवती तारेचं कुंपण, आत काचेच्या निळ्या प्लेटा. मामाची मुदत संपली होती. त्याच्या मागं आलेल्या सरपंचानं उद्घाटनाला त्याला सत्काराला बोलावलं. तो गेला नाही. पण फलकावर ‘माजी सरपंच’ म्हणून त्याचं नाव होतं.

मामीला आणायला तो धर्माबादला निघाला तेव्हा मला सोबत ये म्हणाला. मामी एका मिरचीच्या गोदामात देठं खुडायला जात होती. दारापासूनच ठसका लागला. आत पन्नासेक बाया तोंडाला पदर बांधून बसलेल्या, मध्ये लाल ढीग. मामीनं आम्हाला बघितलं, हातातली मूठ संपवली, मग उठून बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. मिरचीनं असतील. तिनं आधी मला विचारलं, “जेवलीस का?” मग त्याच्याकडं वळली.

“घरी चल,” मामा म्हणाला.

“कोनत्या?”

मामाला ठसका लागला. मामीनं तो थांबू दिला.

“मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हनले असते. म्हनून इचारलं न्हाई तुमी.”

“हाव,” मामा म्हणाला.

“एकोनचाळीस घरांसाठी दिलं, ते चांगलं केलं. मी काही त्यांच्या वाईटावर न्हाई. पर ते तुमचं एकट्याचं नव्हतं द्यायला.”

आतून मुकादमानं हाक मारली. मामी पदर बांधत म्हणाली, “चा पिऊन जावा. कोपऱ्यावर चांगला मिळतो.” आम्ही चहा प्यालो नाही. परतीच्या गाडीत मामा खिडकीकडं तोंड करून खोकत होता. नांदेडला उतरताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, “तुला बोल लावत न्हाई पोरी. सही माह्या हातानं झाली.” त्यानं बोल लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तो फार दिवस काढू शकला नाही. छातीचं दुखणं होतं. लेकीनं नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं, तिथंच गेला. वस्तीवर आणला तेव्हा एकूणएक घरातली माणसं आली होती. पुढाऱ्यांच्या गाड्याही आल्या. कोपऱ्यावर बॅनर लागला: ‘त्यागमूर्ती’. भाषणं झाली. त्यानं समाजासाठी जमिनीचं दान केलं, असं एकजण गहिवरून म्हणाला. मला ओरडावंसं वाटलं. कसला त्याग? त्याग समजून-उमजून करतात. इथं एका ओळीच्या कायद्यानं एका माणसाला कोंडीत धरलं आणि आम्ही शहाण्यांनी बाहेरून दार लावलं. मी ओरडले नाही. माईक माझ्या हातात आला तेव्हा मी जयभीम म्हणून खाली बसले.

मामी धर्माबादहून आली होती. जलदान विधी झाला, लेक परत निघाली. मामी मात्र गेली नाही. वस्तीवरच्या घराचं कुलूप काढून राहिली. ज्यांच्या नावे जमीन झाली त्यांच्या रानात ती आता रोजानं खुरपायला जाते. कधी सखूआजीच्या सुनेच्या रानात, कधी आणखी कुणाच्या. लोक लाजतात. मजुरी जास्त देऊ बघतात, ती घेत नाही. बसून राहा म्हणतात, ती बसत नाही.

मी अजून पत्रकं लिहिते. निवडणुका आल्या की गायरान कसणारी माणसं फॉर्म घेऊन येतात, त्या ओळीवर बोट ठेवतात आणि माझ्याकडं बघतात. मी त्यांना आधी घरी पाठवते. जिचं खुरपं त्या मातीत आहे तिला विचारून या, म्हणते. काही परत येतात, काही येत नाहीत. संघटनेतले सहकारी माझ्यावर चिडतात. उमेदवार मिळत नाहीत म्हणतात.

मागच्या महिन्यात वस्तीवर गेले होते. मामी रानातून येत होती, कमरेला खुरपं. मी धीर करून विचारलं, “मामी, लेक बोलावते तर इथं कशाला राहता? दुसऱ्यांच्या रानात राबायला?”

ती थांबली. माझ्याकडं सरळ बघितलं.

“जिमीन मिळाली त्यांनी मला रोज बघावं म्हनून,” ती म्हणाली. “तू बी येत जा.”